वेटिंग लिस्टवरची दोघं

"नाव?"

"पंधरा दिवसांपूर्वी होतं तेच."

"पूर्ण नाव सांगा, मिस्टर कांतोला. नाहीतर सुई परत पाकिटात घालते."

"विल्हो आर्मास कांतोला. जन्म तीन नोव्हेंबर एकेचाळीस. आता तू सांग, आला का फोन?"

मार्नी बेलँजरने त्याच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि नुसती मान हलवली. फोन आला नव्हता. एप्रिलचा तिसरा आठवडा होता, पाइन हार्बरच्या दवाखान्याबाहेर अजून ढोपरभर बर्फ होतं, आणि गावात ज्याला त्याला मार्नीच्या फोनची काळजी होती. किराणा दुकानातली मुलगी विचारायची, चर्चमध्ये मागच्या बाकावरून कुणी तरी विचारायचं. तिच्या आईने तर तिला दुपारी फोन करायचंच सोडून दिलं होतं. नेमका तेव्हाच कॉलेजचा फोन यायचा आणि लाइन लागायची नाही, असं तिचं म्हणणं. असं होत नाही हे आईला तीनदा समजावून झालं होतं.

मार्नी चौतीस वर्षांची. त्यातली अकरा वर्षं तिने या खोलीत लोकांचं रक्त काढण्यात घालवली होती. डॉक्टर व्हायचं हे तिच्या डोक्यात उशिरा आलं, आणि आलं ते गेलंच नाही. संध्याकाळचे वर्ग करून तिने राहिलेले विषय पूर्ण केले, परीक्षा दिली, अर्ज केले. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आले. दुसऱ्या वर्षीही तेच. या तिसऱ्या खेपेला दहा तासांवरच्या मोठ्या शहरातल्या ड्रमंड कॉलेजने तिला घेतलं, आणि साडेतीन तासांवरच्या ऑर्चर्ड हिलने वेटिंग लिस्टवर ठेवलं. तिला हवं होतं ऑर्चर्ड हिल.

विल्हो दर दुसऱ्या मंगळवारी यायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या त्याला चालू होत्या, आणि ते फारच पातळ होत नाही ना, एवढं पाहायचं असायचं. दवाखाना साडेसातला उघडे, हा सव्वासातला दारात उभा. अडतीस वर्षं त्याने काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली होती. गाव उठायच्या आत रस्ता मोकळा करायची सवय अंगात मुरली ती मुरलीच.

"कितवा नंबर आहे तुझा?" त्याने विचारलं.

"नंबर नसतो. म्हणजे असतो, पण सांगत नाहीत."

"रांग आहे, पण आपण रांगेत कुठे उभे आहोत हे रांगेतल्यालाच माहीत नाही?"

"हो."

"हे कुठल्या शहाण्याने काढलं?"

मार्नी हसली. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. दहा जुलैला संध्याकाळी पाचच्या आत ड्रमंडला शेवटचा होकार कळवायचा होता. एकदा तो दिला की बाकी सगळ्या याद्यांतून आपलं नाव आपल्या हाताने काढायचं. तोवर ऑर्चर्ड हिलचा फोन आला तर आला.

"आणि मला एक कळत नाही," सुई निघाल्यावर विल्हो म्हणाला. "दोन्हीकडे डॉक्टरच करतात ना? एकाने तर दार उघडलंय. मग दुसऱ्याच्या पायरीवर कशाला बसलीस?"

मार्नीने कापूस दाबून धरला आणि त्याला मुलाखतीच्या दिवसांचं सांगितलं. ड्रमंडमध्ये तिला कॉलेज दाखवणारा विद्यार्थी इतका भरभर चालत होता की तिला धाप लागली. तो सगळे आकडेच सांगत होता. जेवता कुठे, असं तिने विचारलं तर म्हणाला, वेळ मिळाला तर जेवतो. जिन्यात दुसरा एक जण हळूच म्हणाला, इथे आपल्या वह्या कुणाला देऊ नकोस, पुढे चांगल्या जागा मोजक्यांनाच मिळतात. ऑर्चर्ड हिलला ती तासभर आधीच पोचली म्हणून कँटीनमध्ये बसली. दोन मुली सूप पिता पिता मूत्रपिंडावरून भांडत होत्या. शेवटी सूप वाढणारी बाईच डाव हातात धरून म्हणाली, अगं, उजवं खाली असतं, डावं वर, वीस वर्षं ऐकतेय मी. सगळं कँटीन हसलं. त्या मुलींनी खरंच वही उघडली आणि दुरुस्त केलं.

"मला त्या टेबलावर बसायचंय," मार्नी म्हणाली.

"पाहुणे येणार म्हटलं की लेम्पीही चांगल्या कपबशा काढायची," विल्हो म्हणाला. लेम्पी म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. "रोज आम्ही कान तुटलेल्या कपातच कॉफी प्यायचो. एका दिवसात घर कळत नाही, पोरी."

हे तिला लागलं, कारण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती स्वतःला हेच विचारत असे.

मेमध्ये तो आला तो काखेत फाइल मारून. रक्त देऊन झालं तरी खुर्चीवरून उठेना.

"मी पण अर्ज केलाय," म्हणाला.

"कशाला?"

"मेडिकल कॉलेजला. देहदान." फाइल त्याने तिच्या मांडीवर ठेवली. "दोन्हीकडे चौकशी केली. तू एक दिवस जाऊन बघितलंस, मला तिथे दीड-दोन वर्षं राहायचंय. म्हटलं, माणसं कशी आहेत ते बघावं आधी. ड्रमंडला फोन केला तर अकरा मिनिटं यंत्रच बोलत होतं. मग एक माणूस आला, त्याने पहिलं काय विचारलं असेल?"

"काय?"

"वजन. नाव नाही विचारलं, वजन. ऑर्चर्ड हिलला नोरीन नावाची बाई आहे. तिने नाव विचारलं, मग विचारलं तुमच्याकडचं बर्फ वितळलं का. दर मे महिन्यात तिथली पोरं सभा घेतात म्हणे, त्या वर्षीच्या सगळ्या देहांसाठी. घरच्यांना बोलावतात, वाजवतात, गातात. मग राख परत देतात. आमचा मुलगा कार्ल अलास्काहून येऊन मला लेम्पीच्या शेजारी ठेवील." त्याने समाधानाने पाय लांब केले. "माझं ठरलं. मी ऑर्चर्ड हिलला चाललो. बस तू पायरीवर."

मार्नीने फाइल उघडली. फॉर्म शेवटपर्यंत वाचायची तिला कामामुळे सवय होती, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तिला हवं ते सापडलं.

"मिस्टर कांतोला, ही नुसती नोंदणी आहे. घ्यायचं की नाही ते माणूस गेल्यावर ठरवतात. तेव्हाची प्रकृती, आजार, त्यांच्याकडची जागा, सगळं पाहून. नकारही देऊ शकतात."

विल्होने चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी पण वेटिंग लिस्टवर."

"हो."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बाहेरच्या खोलीतून कुणी तरी सगळं ठीक आहे ना म्हणून डोकावून गेलं. त्या दिवसापासून तो आला की आधी तिचा फोन विचारायचा, मग म्हणायचा, "माझाही नाही आला. आणि घाई पण नाही."

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी मात्र तो भलताच खुशीत होता. वेलदोड्याचा पाव घेऊन आला होता, स्वतः भाजलेला, एका बाजूने करपलेला.

"तुझं काम करून टाकलं," म्हणाला. "नोरीनला फोन लावला. म्हटलं, माझी एक अट आहे. मार्नी बेलँजर नावाची पोरगी तुमच्या यादीत लटकलीय. तिला आत घ्या, नाहीतर मी ड्रमंडला जातो."

मार्नीने हातातली नळी रॅकमध्ये नीट ठेवली आणि मगच त्याच्याकडे वळली. कुणाला शब्द टाकायला लावू नका, फोन करायला लावू नका, हे यादीवरच्या प्रत्येकाला बजावलेलं असतं. कुणाच्या तरी काकांनी फोन केला आणि त्याचं नावच गेलं, अशा कथा तिने ऐकल्या होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?"

"तीन वर्षं. तीन वर्षं मी एकेक शब्द तोलून लिहितेय त्या लोकांना. आणि तुम्ही धमकी दिलीत, तीही स्वतःच्या मढ्याची. वाटोळं केलंत माझं."

विल्होचा चेहरा पडला. त्याने बाही खाली केली, बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, तसाच तो उठून गेला. टोपी खुंटीवरच राहिली.

जेवणाच्या सुट्टीत मार्नीने कपाटांच्या खोलीत जाऊन ऑर्चर्ड हिलला फोन लावला. माफीचे शब्द तिने कागदावर लिहून घेतले होते. नोरीनने ते पुरते ऐकून घेतले.

"बाळा, श्वास घे आधी," ती म्हणाली. "प्रवेशाचं ऑफिस टेकडीच्या पलीकडे आहे. आमचा त्यांचा संबंध नाही, त्यांची कॉफीसुद्धा आमच्याकडे येत नाही. तुझं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. आणि अशा अटी येतात आम्हाला. मागे एका बाईंना मुलासाठी प्राध्यापकाची नोकरी हवी होती."

"ते चिडले का, तुम्ही नाही म्हटल्यावर?"

"छे. म्हणाले, बरं, मग मी तसाच येतो. आणि मग विचारत बसले, तुमच्या कँटीनमध्ये जेवण पोटभर मिळतं का, म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला कशाला हवंय? तर म्हणाले, मला नको, ती पोरगी कामात जेवायची विसरते."

फोन ठेवून मार्नी हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये बसून रडली. विल्होशी आपण किती वाईट बोललो ते तिला आठवत होतं. आणि असली माणसं जिथे आहेत तिथेच आपल्याला जायचंय, हे ती प्रवेशाच्या ऑफिसला सांगू शकत नव्हती, कारण मग विल्होचा फोनही सांगावा लागला असता.

संध्याकाळी टोपी घेऊन ती त्याच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात रुबार्बच्या रोपांना पाणी घालत होता.

"मी फार बोलले," ती म्हणाली.

"बरोबरच बोललीस. रस्ता साफ करायला गेलो आणि लोकांच्या रस्त्याकडेच्या टपालाच्या पेट्या उडवल्या. गाडीवर असतानाही व्हायचं कधी कधी." त्याने टोपी घातली. "आत ये. पेस्टी केलीय, दोघांना पुरेल."

बटाटा आणि मांस भरलेली ती जाड पेस्टी दोघांनी ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ली. मग मार्नीने जे आईलाही विचारलं नव्हतं ते त्याला विचारलं.

"नाहीच बोलावलं त्यांनी, तर मला ड्रमंडला जावं लागेल. तिथे राहून मी पण तशीच झाले तर?"

विल्होने पेस्टीचा आणखी एक तुकडा कापला.

"आमच्या गॅरेजमध्ये सतरा जण होतो. त्यातले दहा जण तोंड उघडलं की शिव्या. मी प्रत्येक घरावरून जाताना खिडकीत कुणी दिसलं तर हात करायचो. असा काही नियम नव्हता. मला कुणी अडवलं पण नाही." त्याने ताटली तिच्याकडे सरकवली. "अजून घे. बारीक झालीस."

नऊ जुलैला सकाळी सव्वासातला दवाखान्याच्या दारात कुणी नव्हतं. तो मंगळवार होता. साडेआठला विल्होच्या शेजारणीचा फोन आला. रात्री झोपेतच गेला होता, कॉफीचं भांडं सकाळसाठी भरून ठेवलेलं होतं. मार्नीने त्या दिवशी एकोणतीस जणांचं रक्त काढलं आणि कुणाशी फारसं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. ऑर्चर्ड हिलचा नंबर होता. तिच्यासमोर ड्रमंडचं पान उघडं होतं, होकाराच्या बटणावर तिने अजून बोट ठेवलं नव्हतं.

"मार्नी बेलँजर?" बाईचा आवाज होता. "निर्णय कळवायला फोन केलाय. आमच्या डॉक्टरांनी आत्ताच होकार दिला."

मार्नी उभी राहिली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"मिस्टर कांतोलांना आम्ही घेतलं आहे. मी नोरीन. त्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं, मुलाला कळवाच, पण मार्नीलाही कळवा."

मार्नीच्या मनात जे उसळलं होतं ते खाली बसायला वेळ लागला, आणि बसल्यावर त्याखाली, तिचं तिलाच नवल वाटलं, आनंद होता. म्हाताऱ्याला जागा मिळाली होती.

"ऐकतेस ना?"

"हो. अभिनंदन," मार्नी म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं काय हे आपण बोललो.

नोरीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. "कळवलं असतं त्यांना, कळवता आलं असतं तर," ती म्हणाली. "हे बघ, विद्यार्थ्यांना आम्ही नाव सांगत नाही. पण जवळच्या माणसाने सांगितलेली एखादी गोष्ट सांगतो. तू काही सांगशील?"

मार्नीला गाडी आठवली, रुबार्ब आठवलं, लेम्पीच्या कपबशा आठवल्या. ते सगळं कार्ल सांगेल. तिने डोळे मिटले.

"उजव्या हाताची शीर वर दिसते, पण तिच्यावर जाऊ नका म्हणावं. सरकते ती. डाव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला एक आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटाने शोधावी लागते."

"थांब हं," नोरीन म्हणाली. "लिहून घेते. डाव्या हाताला…"

"कोपराच्या खाली," मार्नीने सावकाश सांगितलं. "बाहेरच्या अंगाला."

पावणेपाचला तिने ड्रमंडला होकार कळवला, ऑर्चर्ड हिलच्या यादीतून आपलं नाव काढलं, आणि दार उघडून बाहेर बसलेल्या बाईंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.