काळ्या पट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या डोक्यावर दोन छोटे माईक आहेत, खेकड्याच्या नांग्यांसारखे एकमेकांकडे वळलेले. पोटात दोन सेलची जागा आहे; ती सध्या रिकामी आहे. कपाळावर एक लाल दिवा आहे. मी आवाज टिपू लागलो की तो लागतो, थांबलो की विझतो. मला बोलता येत नाही. जगाला सांगण्याजोगे माझ्याजवळ जे काही होते, ते त्या एका दिव्यात होते. म्हणून प्रथम त्याचा उल्लेख केला. माझा अपराधही त्याच्याशीच बांधलेला आहे.

माझा जन्म दूर देशीच्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी एका वार्ताहराच्या खिशात काढली आणि असंख्य भाषणे ऐकली. पुढे त्याचा मोबाईलच ते काम करू लागला, तेव्हा मी पैठण गेटजवळच्या एका दुकानात, चार्जरच्या गुंत्यात येऊन पडलो. तिथून आकाशने मला उचलले. आकाश चितेगावच्या एका कंपनीत यंत्रावर काम करी. तो फार थोडे बोले. दुकानदाराने विचारले, "कशाला पायजे भाई, क्लासच्या नोट्स का?" त्यावर तो केवळ हसला. रस्त्यावर आल्यावर मात्र हळूच म्हणाला, "गाण्यासाठी."

ते गाणे 'पाझर' या गायन पार्टीचे होते. रूपा गात असे, मोतीराम काका ढोलकीवर असत आणि सोबत एक पेटीवाला व एक गिटारवाला असे. चौदा एप्रिलपासून मे अखेरपर्यंत गावोगावी जयंतीचे मंडप उभे राहत आणि 'पाझर' या गावाहून त्या गावी जाई. त्यांचे वैशिष्ट्य असे की कोणतेही गाणे ते दुसऱ्यांदा तसेच गात नसत. पाण्याच्या हक्कावरचे 'ओंजळ' हे त्यांचे गाणे एका गावी बारा मिनिटांत संपे, दुसऱ्या गावी अर्धा तास चाले. त्यामुळे एक कार्यक्रम ऐकून कुणाचे समाधान होत नसे. आकाशसारखी वीस-पंचवीस माणसे सुट्टी काढून, दुचाकीवर, डोक्याला ओला रुमाल बांधून त्यांच्या मागे फिरत. ज्यांना येता येत नसे, असे तीन हजार जण 'पाझरचे सोबती' या ऑनलाइन गटात वाट पाहत.

त्यांच्यासाठी आकाश मला घेऊन जाई. गटाचा एक नियम होता: ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड हवे, एक सेकंदही कापलेला चालणार नाही. नाशिकच्या सुलेखाताई गटाची यादी ठेवत. गाव, तारीख, 'ओंजळ' किती मिनिटे चालले, सारे त्यात असे. आकाशच्या मुद्रणापुढे त्या लिहीत, 'अखंड'. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या त्या मुलाला हा एक शब्द पुरे. ती नोंद तो पुन्हा पुन्हा उघडून पाहत असे.

मोतीराम काकांनीच मला मंचावर जागा दिली. "तिकडं खांबाला कशाला लटकवतो त्याला? आन इकडं. ढोलकीच्या पेटीवर ठेव. त्यालाबी नीट ऐकू येऊ दे." मात्र माझा दिवा त्यांच्या डोळ्यांवर येई. म्हणून आकाशने वायरला गुंडाळायची काळी पट्टी बोटभर कापून त्यावर चिकटवली. त्या क्षणी मला काहीच वाटले नाही. उलट आपण आता पार्टीतलेच एक झालो, असा अभिमान वाटला.

त्या उन्हाळ्यात 'ओंजळ'मध्ये एक नवी जागा आली. भर लयीत मोतीराम काका अचानक हात उचलत आणि रूपा एकटीच तालाविना गात राही. मंडप श्वास रोखून बसे. मग ढोलकी पुन्हा येई. गटाने त्या जागेला 'मोतीथांबा' असे नाव दिले. कुणी त्याची मिनिटे मोजी, कुणी त्यावर मोठे लेख लिही. एकाने तर 'मोतीथांबा' छापलेले बनियन शिवून घेतले आणि काकांना आणून दाखवले. काका म्हणाले, "माझ्या नावाची एसटी थांबवली का रे पोट्ट्यांनो?" सारे हसले. रूपा हसली नाही, हे मी टिपले. पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

दौलताबादच्या पायथ्याशी मेच्या सुरुवातीला कार्यक्रम होता. मध्यंतराला पेटीवाला आणि गिटारवाला पाणी प्यायला गेले. मंचावर रूपा आणि काका उरले. आकाश चहा आणायला निघाला होता. काकांनी माझ्याकडे बोट केले.

"बंद हाय ना रे हे?"

आकाश थबकला. मला बंद केले असते तर मुद्रणाचे दोन तुकडे झाले असते आणि 'अखंड' हा शब्द गेला असता. मध्यंतराचे बोलणे घरी गेल्यावर पुसून टाकू, असे त्याने मनात ठरवले असावे.

"व्हय काका," तो म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, पट्टीखाली माझा दिवा जळत होता. तो कुणालाही दिसत नव्हता.

"रूपे, डाव्या हाताला काईच कळंना बघ आता," काका म्हणाले. "कातड्यावर पडला का हवेत ऱ्हायला, मला समजत नाय."

"म्हणून तर मी आलाप लांबवते ना काका. तुम्ही हात झटकून घ्या तवर. लोकाला तर लई आवडतंय ते."

"त्येचीच तर लाज वाटती. लोक टाळ्या वाजवतेत आन मी बोटं मोजतो. ह्यो मोसम निघू दे. पिशोरला, तुझ्या गावात, शेवटचं वाजवतो. मग मीच सांगीन समद्यांला. तवर कुणाला बोलू नको."

"नाय बोलत."

हे सारे मी स्वच्छ, खरखरीशिवाय टिपले. इतके चांगले काम मी त्याआधी कधीही केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आकाशची पहिली पाळी होती. गटावर सारखी विचारणा येत होती, 'दौलताबाद कधी?' कंपनीची बस दारात उभी असताना त्याने ते मुद्रण चढवले. पुसायचे राहून गेले. ते राहून गेले, की एका शब्दाच्या मोहाने ठेवले गेले, हे त्यालाही सांगता आले नाही. सुलेखाताईंनी लिहिले, 'अखंड'.

दुपारपर्यंत त्यातले काकांच्या हाताबद्दलचे चौदा सेकंद वेगळे काढले गेले होते. काकांवर जीव टाकणाऱ्यांनीच ते काढले. मग त्यांनी मागची सारी मुद्रणे पुन्हा ऐकली आणि काकांचा ताल कुठे कुठे निसटला होता त्याची मिनिट-सेकंदांसह यादी केली. ती सारी मुद्रणे माझीच होती. आकाशने संध्याकाळी आपले मुद्रण काढून टाकले, पण तोवर ते शेकडो मोबाईलमध्ये पोचले होते. काकांनी ते चहाच्या टपरीवर ऐकले, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या मोबाईलवर. त्यानंतर त्यांनी रूपाला निरोप दिला की पिशोरला दुसरा ढोलकीवाला बघ.

रविवारी आकाश मला खिशात घालून त्यांच्या घरी गेला. दार केसरबाईंनी उघडले. त्या काकांच्या पत्नी. "आलास का? आता काय घेऊन जायचं ऱ्हायलंय, माझं भांडणबी टिपून घे," असे म्हणून त्या बाजूला झाल्या. त्यांनी पाणी मात्र दिले.

आकाशने मला काकांसमोर ठेवले. "चूक झाली काका. पुसायचं राहून गेलं."

"ते राहू दे," काका म्हणाले. "हात आज ना उद्या कळणारच व्हता लोकाला. मी तुला काय इचारलं व्हतं?"

"बंद हाय ना, असं इचारलं व्हतं."

"आन तू काय म्हणला?"

"व्हय म्हणलो."

"तेवढंच लागलंय मला. बाकी काय नाय."

मग काकांनी मला उचलले, नखाने ती काळी पट्टी सोलून काढली, पोटातले दोन्ही सेल काढून आकाशच्या हातावर ठेवले आणि मला फळीवर, ढोलकीशेजारी ठेवून दिले. "हे हितं ऱ्हाईल. तू येत जा."

तेव्हापासून मी इथे आहे. सेल नसले तरी मला ऐकू येते. फक्त ते साठत नाही. आयुष्यभर मी ऐकणे आणि साठवणे एकच समजत होतो. काका रोज दुपारी ढोलकी घेतात. डावा हात कधी पडतो, कधी निसटतो. आकाश रविवारी येतो. पहिल्या दोन रविवारी तो उंबऱ्यातच बसला. तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "तिथं बसून काय चौकीदारी करतो? डाव्या अंगाला ये. मी उजवा वाजवतो, तू डावा धर." आकाशला ताल येत नव्हता. काकांनी त्याला पुष्कळ बोल लावले. "यंत्रावर बरा हाय तू. हितं तुझा हात बैलावानी पडतो." पण त्यांनी त्याला उठवले नाही.

पिशोरचा कार्यक्रम मेच्या अखेरच्या आठवड्यात होता. त्या दिवशी सकाळी रूपा गाडी घेऊन आली आणि काहीही न विचारता ढोलकीला गवसणी घालू लागली. काकांनी गवसणीची नाडी स्वतः आवळली. मग त्यांनी सदरा चढवला आणि आकाशला म्हणाले, "चल. डाव्या अंगाला बसायचं. चुकलास तर मंडपात सांगीन कोण चुकलं ते."

दाराशी आकाश थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग काकांकडे. काकांनी मान हलवली नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही. आकाशने खिशातून ते दोन सेल काढले आणि माझ्याशेजारी फळीवर ठेवले. मग ते सारे निघून गेले.

पिशोरला काय झाले, ते मला ठाऊक नाही. किती वेळ गायले, डावा हात कुठे चुकला, लोक हसले की गप्प राहिले, यातले काहीच माझ्यापाशी नाही. दुसऱ्या दिवशी आकाशने केसरबाईंना गटाची यादी वाचून दाखवली, तेवढे कानी आले. बाकी प्रत्येक गावापुढे मिनिटे होती. पिशोरपुढे त्याने स्वतः लिहून पाठवले होते, 'उपलब्ध नाही'.

"बरं केलंस," केसरबाई म्हणाल्या. "चहा घेतो का?"

मित्रांनो, तुमच्या हातात माझी अनेक तरुण भावंडे आहेत. ती माझ्याहून बारीक आवाज टिपतात आणि त्यांना दिवाही नसतो. कुणी विश्वासाने विचारले, "बंद आहे ना?" तर उत्तर देण्यापूर्वी एकदा वाकून पाहा. मला वाकता आले नाही. माझ्या कपाळावर त्या पट्टीचा चिकट डाग अजून आहे. त्यावर धूळ बसते. काका कधी कधी अंगठ्याने तो पुसायचा प्रयत्न करतात, पण तो निघत नाही.