तिसरी ओळ

अंबूबाई रागावली की पोशीर गावातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलायची, आणि हल्ली तिच्या सगळ्या रागाचं कारण कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये गात होतं. कारण म्हणजे वनिता, तिच्या भावाची मुलगी.

अंबूबाई धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत मंडपात धवळे गाणारी बाई. एके काळी तिच्यावाचून आसपासच्या गावांत लग्न लागत नसे. मग डीजे आला, तोही कुणाचा, तर पोटच्या रूपेशचा. आता तिची दोन गाणी होतात न होतात तोच पोरं स्पीकर सुरू करतात. तेही तिनं गिळलं असतं. पण जिला लहानपणापासून मांडीशी बसवून धवळे शिकवले, ती वनिता शनिवार-रविवार पाहुण्यांपुढं इंग्रजी गाणी म्हणायला लागली, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. "माझ्यामागं मंडपात उभी कोन राहनार?" एवढंच तिनं विचारलं. वनिता त्या शनिवारीही गायला गेली. त्या दिवसापासून अंबूबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि आता वनितानं अल्बम काढला होता. जॅझ म्हणे, आणि त्यात ब्लूज, मराठीतून.

"आये, ब्लूज म्हंजे दुःखाची गानी," रूपेशनं समजावलं. "पन रडत नाय म्हनायची, डुलत म्हनायची."

"दुःख हाय तर डुलायचं कशाला?" म्हणून अंबूबाई तांदूळ निवडत बसली. वनिता दोनदा घरी आली, गाणं ऐकवायला फोन पुढं धरून बसली. दोन्ही वेळा अंबूबाईला नेमकं कोंबड्यांना दाणे टाकायचं आठवलं.

अशातच गावातल्या विमलबाईच्या लेकीची, रुचिताची हळद निघाली. ऊन उतरल्यावर मंडप भरला. अंबूबाईनं आपली दोन गाणी म्हटली आणि ती खांबाला टेकून बसली. वनिता हळदीचं ताट फिरवत होती. रूपेशला वाटलं, आपल्या बहिणीचं गाणं गावानं ऐकायला नको का? त्यानं ते स्पीकरवर लावलं. ठेका तर झकास होता. डीजेवाल्याचा कान ठेक्यावर. शब्द काय आहेत हे त्या बाबानं कशाला बघितलं असेल!

आधी जाड तारांचं कसलंसं वाद्य कुणी चालत आल्यासारखं वाजलं. मग मंडपभर वनिताचा आवाज.

*गेला गं साजण गेला, दाराला कडी लावून,*
*गेला गं साजण गेला, दाराला कडी लावून,*
*चूल मी फुंकीत बसले, डोळं पाण्यानं भरून.*

विमलबाईचा हळदीचा हात हवेतच राहिला. "बंद कर रं ते," ती म्हणाली. रूपेशनं झटकन बटण दाबलं. गाणं थांबलं. "माझ्या पोरीच्या हळदीत नवरा गेल्याचं गानं? वनिते, आमी काय वाईट केलं व्हतं गं तुझं?"

वनितानं ताट खाली ठेवलं. तिच्या शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. आज ही अशी मान खाली घालून गेली तर पुन्हा कुठल्या मंडपात हिला कुणी उभी करणार नाही, हे अंबूबाईला लख्ख कळलं.

पण तिला आणखी काहीतरी कळलं होतं. बाकीच्या बायका शब्द टाळीवर ठेवतात. अंबूबाई टाळी पुढं जाऊ देते आणि मागून सावकाश शब्द ठेवते. ही खोड तिची एकटीची. ती आत्ता त्या स्पीकरातून ऐकू आली होती. श्वाससुद्धा तिथंच घेतलेला. पोरीनं काही टाकलं नव्हतं, सगळं बरोबर नेलं होतं. उगाच आपण एवढे दिवस तोंड फिरवून बसलो, असं तिला वाटलं.

गुडघ्यावर हात दाबत ती उठली.

"विमल, मंडपात वाईट ओळ पडली तर ती तशीच टाकून जायची नाय. गोड करून उचलायची. ते काम माझं हाय."

तिनं टाळी धरली आणि तीच ओळ लावली. *गेला गं साजण गेला, दाराला कडी लावून.* बायकांनी सवयीनं ती मागून म्हटली. मग अंबूबाई रुचिताकडं वळली.

*कडी काढ गं रुचिते, आला तो वऱ्हाड घेऊन.*

हळद माखलेली रुचिता हसली. बायका डुलायला लागल्या. अंबूबाईनं जोरात दुसरं कडवं घेतलं.

*गेली गं गाडी गेली, पळसदरी सोडून...*

बायकांनी ते उचललं, पण तिसऱ्या ओळीला अंबूबाईचा दम सरला. टाळ्या पडत राहिल्या, ओळ येईना. तिनं वनिताकडं बघितलं. वनितानं टाळी पुढं जाऊ दिली आणि मागून सावकाश शब्द ठेवले.

*येईन मागल्या गाडीनं, तुझ्याच दारी फिरून.*

विमलबाईनं डोळ्याला पदर लावला. तिला वाटलं, लेक आईला सांगतेय. अंबूबाईला ठाऊक होतं, ते कुणाला सांगितलंय. तिनं वनिताला ओढून आपल्या शेजारी उभं केलं, आणि पुढची गाणी दोघींनी मिळून म्हटली. रूपेशनं स्पीकर सुरू करायचं नावच काढलं नाही.

निघताना अंबूबाई म्हणाली, "उद्या लग्नाला जायच्या आधी घरी ये. तुझा फोन घेऊन ये."

सकाळी वनिता आली तेव्हा अंगणात कोंबड्यांनी नुसता कालवा मांडला होता.

"रूपेश, दाने तू टाक रं," अंबूबाई आतून ओरडली, आणि वनिताला म्हणाली, "बस गं. लाव पहिल्यापासून."