पाण्याने धुतलेला थर

"पाणी वापरलंस?" पडद्यावरची नजर न काढता मोठ्या बाईंनी विचारले.

"आई, इथे नको. इथे मी तुमची अधिकारी आहे."

"बरं. मॅडम, पाणी वापरलंत?"

सुनेने पडद्यावरून मान वळवून घड्याळाकडे पाहिले. बाईंना उत्तर मिळाले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

एकतीस वर्षे या खोलीत, हातभर जाड काचेपलीकडे यांत्रिक हात चालवून, अणुभट्टीतून काढलेल्या इंधनकांड्यांचे काप भिंगाखाली बघण्यासाठी त्या घाशीत आल्या होत्या. धातूचे इंधन पोलादी नळीत जळता जळता फुगते, नळीला आतून टेकते. मग त्यातली काही मूलद्रव्ये पोलादात शिरतात आणि दोहोंचा मिळून एक ठिसूळ थर तयार होतो. नळी आतून किती खाल्ली गेली, ते या थरावरून कळते. पण थर मोठा नाजूक. पाणी लागले की विरून जातो. म्हणून काप तेलातच घासायचा, हा इथला दंडक. तेलाने दीड दिवस लागतो, पाण्याने दोन तास.

पडद्यावर इंधन आणि पोलाद यांच्यामध्ये एक काळी रेघ होती.

"मध्ये नुसती फट आहे," सून म्हणाली. "थर नाहीच. नळी ठणठणीत. चार वाजता साहेबांना तसं कळवते, म्हणजे भट्टीतल्या उरलेल्या कांड्या ते अजून एक फेरी चालवतील."

"फट कसली डोंबलाची! तिथं थर होता. तू धुऊन टाकलास."

"कशावरून?"

"कडा बघ की. फटीची कड अशी कुरतडल्यासारखी असते का?"

"साहेबांचे सकाळपासून तीन फोन आलेत. तुमच्या तेलानं परवा उजाडला असता!"

"उजाडू दे. परवाचा दिवस काय साहेब रद्द करणार आहेत?"

बाईंनी तिला हातानेच बाजूला सारले आणि काप भिंगाखाली तसूतसूने फिरवू लागल्या. त्यांना चीड तिच्या अडाणीपणाची नव्हती. पोरगी हुशार होती, आणि हा नियम त्यांनीच तिला दोनदा पढवला होता. एका कोपऱ्यात काप बसवायचा डिंक नळीच्या आत ओघळून घट्ट झाला होता. तिथे पाणी पोचले नव्हते. करड्या रंगाची एक जीभ पोलादात खोल शिरलेली दिसली.

"मोज," बाई म्हणाल्या.

सुनेने मोजले. पुन्हा मोजले. "निम्मी भिंत गेलीय," ती हळूच म्हणाली.

"आणि तू अजून एक फेरी चालवायला निघालीस. भट्टीत नळी फुटली असती म्हणजे?"

सून खुर्चीत बसली. "यंत्र बिघडलं म्हणून सांगते. काप दुसरा घेऊ."

"यंत्रानं काय घोडं मारलंय तुझं? यंत्रावर ढकललंस तर उद्या तुझ्या जागी येणाराही पाणीच ओतेल."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! सहा महिने झालेत मला या खुर्चीत. साहेब म्हणतील, हिला साधा काप घासता येत नाही."

"म्हणतील."

एवढ्यात फोन वाजला. चारला अजून दहा मिनिटे होती. या माणसाला जन्मात धीर म्हणून नाही, असे पुटपुटत बाईंनी हातमोजे काढून टाकले. तिसऱ्या घंटेला सुनेने रिसीव्हर उचलला.

"सर, कांड्या चालवू नका," ती म्हणाली. पलीकडून यंत्राबद्दल विचारणा झाली. "नाही सर, यंत्र ठीक आहे. काप माझ्या हातून…"

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी दार आपल्यामागे घट्ट लावून घेतले. दाराबाहेरच्या बोळात, किरणोत्सर्गी कण चिकटलेत का हे बघायला, बाहेर जाणाऱ्याचे हातपाय तपासायचे यंत्र होते. त्या त्यावर उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे खाचेत दिले. हिरवा दिवा लागला. शेजारच्या खोलीतून येऊन मागे उभ्या राहिलेल्या हेल्परने म्हटले, "झालं की बाई, उतरा."

"थांब जरा," बाई म्हणाल्या, आणि वाट अडवून तशाच उभ्या राहिल्या. बंद दाराआडून येणारा सुनेचा आवाज अजून थांबला नव्हता.