शिंपीणबाई जेवायला बसल्या

दोन वर्षं शिंपीणबाई उभ्यानेच जेवत होत्या. बसलं की ओटीपोटाखाली कळ यायची; मशीनवरचं शिवणही त्या मधून मधून उठत कसंबसं उरकायच्या. घरच्यांना मात्र वाटायचं, हिला वाढायची हौसच दांडगी! जावेच्या सल्ल्याने त्या खालचे स्नायू आवळायचा व्यायाम नेटाने करत होत्या आणि दुखणं वाढतच होतं.

फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं, “अहो, ते स्नायू आधीच आवळलेत. सैल सोडायला शिका.”

“म्हणजे मशीनचा दोरा ताणला की शिवण गोळा होते, तसं?” शिंपीणबाई खो खो हसल्या. “आणि मी वेडी दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू अजून पिळत बसले!”

तीन महिने संथ श्वास घेत त्यांनी तेवढंच केलं. मग एका दुपारी सगळ्यांसोबत ऐसपैस जेवायला बसल्या.

सासूबाई दचकून उठल्याच. “अगं, वाढणार कोण?”

“सासूबाई, आता उभं कोण आहे?”