बाबांच्या शेवटच्या अंड्यांतला कोंबडा

उबवणी पेटीत शेवटची अंडी बाबांनी ठेवली आणि पिल्लं बाहेर यायच्या आत ते गेले. घरात माणसं रडत बसली होती, तेव्हा पेटीत चिवचिवाट सुरू झाला. आई रडता रडता उठली, पिल्लांना पाणी ठेवून आली आणि पुन्हा जागेवर बसली.

काळ्या पायांची ही जुनी जात आमच्याकडे आजोबांपासून आहे. सांभाळायची बाबांनी, पैदाशीला कोणती ठेवायची, कोणती विकायची ते निवडायचं आईने, असा कारभार. बाबांचा प्रत्येक पिल्लात जीव अडकायचा. आईचा कशातच अडकत नाही, असं मी लहानपणापासून म्हणत आले, तिच्या तोंडावरही.

पिल्लांना पिसं फुटली तशी नर-मादीची पारख आली. या जातीचा तुरा उशिरा लाल होतो, त्यामुळे नुसतं बघून भलेभले फसतात. आईची पद्धत ठरलेली. बाबांची टोपी खुंटीवरून काढायची आणि पिल्लांच्या डोक्यावरून भिरकावायची. घार आली असं वाटून तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, जमिनीला चिकटतात. कोंबडा असेल तो मान ताठ करून उभा राहतो. बाबा दर वेळी कुरकुरत टोपी उचलायचे, झटकायचे, घरात दुसरं फडकं नाही का म्हणून विचारायचे. या वेळी टोपी पडली ती पडूनच राहिली. सगळ्या पिल्लांनी अंग चोरलं होतं, एकच मान वर काढून उभं होतं. शेवटी टोपी आईनेच उचलली, पण झटकली नाही. पुढे त्या पिल्लाच्या पाठीवर टोकदार पिसं आली आणि खात्री पटली.

एकुलता एक कोंबडा. जुना नर हिवाळ्यातच मेला होता. हा ठेवला तर बाबांच्या कोंबड्यांचं रक्त पुढे जाणार होतं. नाहीतर नर आणायचा चुलतकाकांकडून, आणि त्यांच्याशी बाबांनी बोलणं टाकलं होतं, तेही कोणाची कोंबडी अस्सल यावरून. मला तो ठेवायचाच होता. निवडीआधी कोणत्याही पक्ष्याला जीव लावायचा नाही हा आईचा नियम धाब्यावर बसवून मी त्याला हातावर दाणे भरवत होते.

निवडीच्या सकाळी आईने एकेक पक्षी मांडीवर घेतला. डोळे, चोच, पंख, बोटं आणि सगळ्यात शेवटी छातीचं हाड. तलंगा झाल्या, मग कोंबडा आला. आईचं बोट हाडावरून खाली गेलं, मध्येच थांबलं, परत वर आलं. तिने तो माझ्या हातात दिला.

"तू बघ."

हाड मध्यावर चांगलंच वाकलं होतं. वाकड्या हाडाचा पक्षी निवडीत बाद.

"सरळ आहे," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या पायात निवडीचं कडं घातलं आणि त्याला ठेवायच्या खुराड्यात सोडलं. मला इतका आनंद झाला की खोटं बोलल्याची लाज वाटायचीही राहून गेली.

दुपारी ती जेवायला बसली, तशीच उठली. खुराड्यात जाऊन तिने त्याच्या पायातलं कडं काढलं आणि त्याला काखेत घेऊन बाहेर आली. मी दारात आडवी उभी राहिले. वाकडं हाड पिल्लांत उतरतं, मग सगळी जातच बिघडते, हे मला पाठ होतं, तरी भांडले. तिला नाही नाही ते बोलले.

"बाबांनी काय केलं असतं, ते सांग."

"ह्यांनी ठेवलाच असता," आई म्हणाली. "म्हणून तर निवड माझ्याकडे होती."

कोंबड्याला तिने आणखी घट्ट धरलं. मी बाजूला झाले. इतकी वर्षं बाबांना प्रत्येक पिल्लाचे लाड करता आले ते तिच्या जिवावर, हे मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

कोंबडा तिने स्वतःच नेऊन विकायच्या पिंजऱ्यात ठेवला. हात धुतले आणि मला काकांचा नंबर लावून द्यायला सांगितलं. काकांनी फोन उचलला.

"भाऊजी, एक नर हवाय," ती म्हणाली. "तुमची कोंबडी अस्सल आहे. ह्यांनाही ते ठाऊक होतं."