वाचून दाखव

ताईंनी फाइलमध्ये स्वतःचं नाव शोधलं, त्यावर कर्सर नेला आणि ओळ पुसून टाकली. मग तिच्या पुढची. मग आणखी एका फाइलमधली. आपलं नाव इतक्या ठिकाणी लिहिलेलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुसता पुसता त्यांनी चष्मा काढला, रुमालाने काचा घासल्या आणि पुन्हा चढवला.

टेबल ओळखू येत नव्हतं. कप, स्वेटर, कुंडीतलं रोप, सगळं एका खोक्यात गेलं होतं. पलीकडच्या मोठ्या खोलीत निरोपाची तयारी चालली होती. कुणीतरी फुगा फुगवता फुगवता फोडला आणि हशा झाला.

कंपनी इस्पितळांचे एक्स-रे आणि तपासण्यांचे रिपोर्ट क्लाउडवर सांभाळायची. तिथे ते कुलूपबंद असत, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या सांभाळणं हे ताईंचं काम. कुलूपही कोडचं, किल्लीही कोडचीच. हाताने काही करायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. कुठली किल्ली असावी, ती कुणी वापरावी, तिचा कारभार कुणी पाहावा, ते फाइलींत लिहायचं. टूल ते वाचतं, काय काय बदलणार त्याचा प्लॅन आधी दाखवतं, आणि दुसऱ्या माणसाने मंजुरी दिली की तसं करून टाकतं. आज ताई निवृत्त होणार होत्या, म्हणून त्यांचं नाव काढायचं होतं. ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या.

"भिंगरी," त्यांनी हाक मारली, "ये गं. वाचून दाखव."

भिंगरी आली ती नेहमीसारखी धावतच. ताईंच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. चालायचं सोडून पळायची, बोलताना अर्धे शब्द गिळायची, म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवलं होतं. ताईंनाही ऑफिसने एक नाव ठेवलेलं होतं, कुलूपबाई. ते आपल्याला ठाऊक आहे, हे ताईंनी कधी कळू दिलं नव्हतं.

उद्यापासून ताईंची जागा भिंगरीची होती. साहेबांच्या ते गळी उतरत नव्हतं. "हुशार आहे, नाही म्हणत नाही," ते परवाच म्हणाले होते, "पण ती किती घाई. किल्ल्यांपाशी माणूस कसा, बूड टेकून बसणारा हवा. बाहेरून कुणी अनुभवी बघतो मी." ताईंनी बराच वेळ वाद घातला, तेव्हा साहेब म्हणाले, "बरं, तिला देऊ. पण तुमचा अ‍ॅक्सेस राहू द्या. कुठे बोलायचं नाही. आपल्या दोघांत."

"नाही," ताई म्हणाल्या होत्या. "जाणाऱ्याने मागच्या दाराची किल्ली घेऊन जायचं, त्याला जाणं म्हणत नाहीत."

आता भिंगरीने खुर्ची ओढली आणि पडद्यावरचा प्लॅन मोठ्याने वाचायला घेतला. हा नियमही ताईंचाच. पूर्वी कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून एका किल्लीचं फाइलमधलं नाव बदललं होतं. माणसाला ते नुसतं नाव. टूलला वाटलं, जुनी किल्ली टाकून द्यायची आणि नवी करायची. टाकली असती तर तिच्या कुलपातला एकही एक्स-रे पुन्हा कुणाला दिसला नसता. त्या दिवशी ताई प्लॅन मोठ्याने वाचत होत्या आणि 'नष्ट' या शब्दाशी त्यांची जीभ अडखळली. तेव्हापासून मंजुरी देणाऱ्याने मोठ्याने वाचायचं ठरलं. नवी मुलं हसायची. "शाळेत आल्यासारखं वाटतं," म्हणायची. ताई म्हणायच्या, "वाटू दे."

भिंगरी वाचत होती. एकेका किल्लीच्या कारभाऱ्यांतून ताईंचं नाव वगळलं जाणार होतं. वाचताना मात्र ती शब्द गिळत नसे. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

त्यांना लोखंडी कपाट आठवलं. तेव्हा क्लाउड नव्हतं. किल्ली म्हणजे एक डिस्क, लाखेने बंद केलेल्या पाकिटात, ते पाकीट कपाटात, आणि कपाटाची चावी ताईंच्या पर्समध्ये. धाकट्या बहिणीच्या लग्नातून त्या मधेच उठून आल्या होत्या, नव्या साडीत, कपाट उघडायला. बहीण अजून ऐकवते. पण त्या दिवशी जिना चढताना सगळं ऑफिस दाराशी उभं होतं, आणि आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, या विचाराने ताईंची मान ताठ झाली होती. ती ताठ मान पुढे कितीतरी वर्षं खाली आली नाही.

भिंगरीचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"ताई, ही सगळ्यात जुनी किल्ली."

"हं. पुढे."

"मी अप्रूव्ह करत नाही."

ताईंनी डोळे उघडले. तेवढ्यात साहेब दारात आले. "ताई, चला. केक आइस्क्रीमचा आहे. नाहीतर भाषण मला एका तळ्यासमोर करावं लागेल."

"दोन मिनिटं, साहेब. ही अडून बसलीय." ताईंचा स्वर त्यांना वाटला त्यापेक्षा कोरडा होता. "अगं, माझंच नाव आहे. मीच काढलंय. वाईट वाटत असेल तर नंतर रड."

"रडत नाहीये. वाचतेय." भिंगरीने पडद्यावर बोट ठेवलं. "बाकी किल्ल्यांना कारभारी बरेच आहेत. हिला आत्ता एकच, तुम्ही. हे झाल्यावर कुणी नाही."

ताई पुढे वाकल्या. जुन्या किल्लीची फाइल वेगळी होती, इतरांची यादी तयार होण्याच्याही आधीची. कपाटातली डिस्क निवृत्त झाली, त्या आठवड्यात त्यांनी स्वतः लिहिलेली. कारभारी म्हणून एकच नाव. आज हे नाव पुसताना ती ओळही त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि तिथे दुसरं कुणी नाही हे त्यांना खटकलं नव्हतं. हल्ली अशा वेळी टूलच अडवायचं, पण ही किल्ली त्या सोयीहून जुनी होती.

"रिपोर्ट उघडतील ना?" साहेबांनी विचारलं.

"उद्या उघडतील," भिंगरी म्हणाली. "परवाही उघडतील. पण किल्लीत काही बदलायचं म्हटलं तर या जगात कुणाला ते करता येणार नाही."

"मग उद्या सकाळी दुरुस्त करून टाक. लोक ताटकळलेत."

"उद्या कोण करणार, साहेब? हिच्यात दुसरं नाव घालायचा अधिकार एकट्या ताईंना आहे. आणि उद्या ताईच नाहीत." भिंगरी पाय हलवत नव्हती. दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसली होती. "केक वितळू दे. मी सही करणार नाही."

पलीकडे पुन्हा एक फुगा फुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

ताईंचे कान तापले होते. साहेबांसमोर, शेवटच्या दिवशी, आपण हाताला धरून शिकवलेल्या मुलीने. त्यांनी पुन्हा एकदा ती ओळ वाचली, ओठ हलवत. मग मान वर केली. साहेब भिंगरीकडे बघत होते, आणि बाहेरच्या अनुभवी माणसाचा विषय त्यांच्या चेहऱ्यावरून कुठेतरी निघून गेला होता. ताईंनी सावकाश कीबोर्ड जवळ ओढला.

"तुझं नाव घालते."

"एकटीचं नको, ताई. दोघांचं घाला."

ताईंची बोटं क्षणभर थांबली. "बरोबर," त्या म्हणाल्या आणि दोन नावं लिहिली, भिंगरीचं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं. "आता मंजुरी तुला देता येणार नाही. ज्याचं नाव घालायचं, त्याने सही करायची नाही. साहेब, बसा."

"मी? मला बटण कुठे असतं तेही आठवत नाही."

"बटण मी दाखवते. आधी वाचून दाखवा."

साहेबांनी खिसे चाचपले, चष्मा सापडला नाही. ताईंनी आपला काढून दिला. तो नाकाच्या टोकावर ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं एकेका शब्दावर बोट फिरवत, साहेबांनी प्लॅन वाचला. एका ठिकाणी त्यांनी ओळ गाळली.

"वरची राहिली," भिंगरी म्हणाली.

साहेबांनी निमूटपणे वरची वाचली. मग बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं सरकत गेली आणि थांबली. झालं.

"आता चला," साहेब उठले. चष्मा परत देताना ते थोडे घुटमळले. "ताई, ते मी अ‍ॅक्सेसचं म्हणालो होतो... जाऊ दे."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या.

त्या मात्र उठल्या नाहीत. लॅपटॉप जमा करायचा होता. तो बंद करायला म्हणून त्यांनी हात नेला आणि मग, रोज सकाळी आल्या आल्या करायच्या तसं, जुन्या किल्लीचा तपशील मागवणारी आज्ञा टाइप केली. बोटांना ती पाठ होती. चष्मा अजून हातातच होता.

उत्तर आलं. एकच ओळ, लाल रंगाची.

"काय म्हणतंय?" ताईंनी विचारलं.

भिंगरी मागून वाकली. ओळ मनातच वाचली.

"वाचून दाखव की."

"'या व्यक्तीला परवानगी नाही.'"

ताईंनी चष्मा घडी करून डबीत ठेवला, डबी खोक्यात, रोपाशेजारी. कुंडीतली सुटलेली थोडी माती बोटाने परत आत लोटली. मग पाठ टेकवून खुर्चीत नीट बसल्या, मान ताठ करून.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.