बडीशेपेची वाटी होता होता राहिलेली तबकडी

मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कारण मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना यातला फरक कळतो, असा माझा अनुभव नाही.

माझा जन्म १९६७ सालचा, कलकत्त्याजवळच्या एका कारखान्यातला. गरम काळ्या गोळ्यावर यंत्राचा दाब पडला आणि माझ्या अंगावर बारीक रेषा उमटल्या. त्या रेषांत नागपूरच्या कॉलेजातल्या तीन मुली होत्या. त्यांनी स्वतःला 'तीन चिमण्या' म्हणवून घेतलं होतं आणि 'लाल सायकल' नावाचं गाणं म्हटलं होतं. पहिली गायची, दुसरी खालच्या सुरात साथ द्यायची आणि तिसरी टाळ्यांच्या ठेक्यावर 'टिंग टिंग, बाजूला व्हा' म्हणायची. गाण्यात कोणी विरहाने झुरत नाही, कोणी देवाला साकडं घालत नाही. एक मुलगी सायकल चालवते आणि तिला मजा येते. एवढंच लोकांना सहन झालं नाही.

'पोरींचा चिवचिवाट,' असं एका विद्वानाने म्हटलं. चिमण्या म्हटलं की चिवचिवाट. विद्वानांची धाव तिथपर्यंतच. माझ्या वेष्टनावर संगीतकाराचा हसरा फोटो होता, सायकलचं चित्र होतं. मुलींची नावं नव्हती.

त्यातली तिसरी चिमणी म्हणजे कुसुम. पुढे तिचं लग्न सैन्यातल्या एका डॉक्टरांशी झालं आणि साड्यांच्या घडीत लपवून तिने मला सासरी आणलं. माझ्यात आपला आवाज आहे, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. प्राध्यापकाच्या घरातली सून असलं काही गायली होती म्हटलं तर लोक काय म्हणतील, ही तिची भीती.

ते प्राध्यापक म्हणजे तिचे सासरे आप्पासाहेब, शास्त्रीय गाण्याचे भक्त. मोठ्या तबकड्यांचं त्यांचं कपाट होतं आणि कपाटाला कुलूप. त्या मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहतीस फेऱ्या घेतात. मी छोटी, मला पंचेचाळीस लागतात. आम्हाला वाजवणाऱ्या यंत्राच्या कडेला एक दांडी असते, ती सरकवली की झालं. शेंबडं पोरही सरकवेल. एक दिवस मी आप्पासाहेबांच्या हाती लागले. त्यांनी मला यंत्रावर ठेवलं आणि दांडी होती तिथेच राहू दिली.

माझ्या तिन्ही मुलींचे आवाज जड, घोगरे, पेंगुळलेले निघाले. 'म्हशी डुंबतायत,' असा निकाल देऊन आप्पासाहेबांनी सुई उचलली. कुसुम दारात चहा घेऊन उभी होती. चूक काय झाली ते तिला ठाऊक होतं. पण नव्या सुनेने सासऱ्यांच्या यंत्राला हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. शिवाय दांडीचं सांगितलं असतं, तर तुला कसं माहीत, हे विचारलं गेलं असतं. तिने कप ठेवला आणि ती निघून गेली. जगाला बाजूला व्हा म्हणणारी मुलगी ती हीच. मला तिची कीव आली, खोटं कशाला सांगू?

मग बदल्या झाल्या. एका गावी मी लोणच्याच्या बरणीवरचं झाकण होते. त्यात कॅसेटी आल्या. आतडी बाहेर आली की पेन्सिलीने गुंडाळून घेणाऱ्या त्या डब्या, आणि लोक त्यांना प्रगती म्हणत. १९८४ साली आम्ही जयपूरच्या लष्करी क्वार्टरमध्ये आलो. इथे आंधी आली की खिडक्या लावूनही वाळू आत येते. ती माझ्या रेषांत जाऊन बसली.

कुसुमची मुलगी रमा तेव्हा नऊ वर्षांची होती. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि घरात आप्पासाहेबांचं मराठी. ती काही सांगायला लागली की ते अडवायचे. 'मतलब' नव्हे, 'म्हणजे' म्हण. पुन्हा म्हण. होता होता रमा घरात बोलेनाशीच झाली. कुसुमने तिला इस्पितळात नेलं. घसा चांगला आहे म्हणाले. तरी कुसुम दाराआड उभी राहून ऐकायची, पोर निदान बाहुलीशी तरी बोलतेय का. ती बाहुलीशीही बोलत नव्हती.

मे महिन्यात लष्करातल्या बायकांची 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा आली. या स्पर्धेत चांगल्या वस्तूची वाट लावतात आणि तिला बक्षीस देतात. शेजारच्या वासंतीने कृती सांगितली: तबकडी उकळत्या पाण्यात धरायची, मऊ झाली की वाडग्यावर घालून कडांना चुण्या पाडायच्या.

"मोठी घेऊ नकोस, आप्पा जीव घेतील," वासंती म्हणाली. "ही छोटी बघ ना, अगदी बडीशेपेच्या मापाची."

कुसुमने पाणी ठेवलं. इतकी वर्षं सगळ्यांनी टाकाऊ म्हटलं, मग तिलाही तेच पटलेलं. ती मला पुसत होती तेवढ्यात रमा आत आली.

"हिच्यात काय आहे?"

त्या दिवसातलं तिचं ते पहिलंच वाक्य. कुसुमने घाईने गॅस बारीक केला.

"गाणं आहे गं. ऐकायचंय?"

आप्पासाहेब कूलरसमोर पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, म्हशी परत आल्या वाटतं. रमाने सुई ठेवली. तेच जड, घोगरे सूर. रमा खुदकन हसली.

"हसतेस काय?" आप्पासाहेब म्हणाले. "ना सूर, ना ताल. असलं ऐकूनच भाषा बिघडते."

रमाचं हसू थांबलं. तोंड मिटलं. ते मिटताना कुसुमने पाहिलं. तिने पुढे होऊन सासऱ्यांच्या यंत्राला हात लावला आणि दांडी सरकवली.

"आप्पा, ही पंचेचाळीसची आहे."

आणि माझ्या मुली सुटल्या. वाळूची खरखर होतीच, पण तिच्यातून लाल सायकल भरधाव निघाली. टाळ्या, टिंग टिंग, बाजूला व्हा. रमा माझ्याकडे बघत होती, मग आईच्या ओठांकडे बघू लागली. ते हलत होते.

"आई, ही तू आहेस?"

"हो. तिसरी."

रमा आजोबांकडे वळली. "मतलब आजोबा, तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या स्पीडवर ऐकलंत?"

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. 'मतलब' दुरुस्त होणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांनी दांडीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. मग पेपर बाजूला ठेवत, "दुसऱ्या बाजूला काय आहे?"

वाटीसाठी ठेवलेल्या पाण्याचा चहा झाला. तो पिताना रमा एकसारखी बोलत होती, अर्धं हिंदीत. कोणी तिला अडवलं नाही.

आता मी त्या कुलपाच्या कपाटात थोर थोर तबकड्यांच्या शेजारी उभी असते. त्या सोबतीचं मला काडीचं कौतुक नाही. मित्रांनो, आम्हाला आडवं रचू नका, उन्हात ठेवू नका, मऊ फडक्याने पुसत जा. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हे जमेल असं वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि कुणाला बेसूर ठरवण्याआधी दांडी कुठे आहे ते बघा. घरात एखादं मूल गप्प झालं असेल, तर सगळ्यात आधी बघा.